चार बाजू, एक कर्ण आणि संगणकाची गणिती फंक्शन्स

नांदगाव तालुक्यातील शेते, राज्यातील बहुतेक शेतांप्रमाणेच, पाठ्यपुस्तकातल्या आयतासारखी नसतात. एक बाजू नाल्याने कापलेली, दुसरी रस्त्यामुळे तिरपी झालेली, तिसरीवर भाऊबंदांच्या वाटणीतून आलेला बांध. अशा जमिनीचा तुकडा घेताना पुष्कळदा फितीने चारही बाजू मोजल्या जातात, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली जाते आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करून ‘इतके गुंठे’ असा आकडा सांगितला जातो. नाशिक-पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि गावाकडे थोडी जमीन घेऊ पाहणाऱ्या अनेकांनी असा आकडा ऐकला असेल. आता हाताशी संगणक आहे, मोबाइल आहे. तोच गुणाकार यंत्राने केला की त्याला अधिक वजन येते. वस्तुतः पद्धत चुकीची असेल तर यंत्र तीच चूक दशांश चिन्हापुढे दहा अंकांपर्यंत काढून देते.

म्हणून भूमितीची आकडेमोड संगणकाकडून करून घ्यायची तर भाषेत उपजत काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घेणे इष्ट. प्रोग्रॅमिंगच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत गणिती फंक्शन्सचा एक संच तयार असतो. १९५७ साली आलेल्या फोरट्रानमध्येही वर्गमूळ, साइन, कोसाइन यांची सोय होती. सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांनी ती परंपरा पुढे चालविली. पायथनमध्ये ‘मॅथ’ नावाचे मोड्यूल आहे. त्यात वर्गमूळ काढणारे फंक्शन आहे, पायची किंमत आहे, साइन, कोसाइन, टॅन्जंट आणि त्यांचे व्यस्त आहेत, अंशांचे रेडियन करणारे फंक्शन आहे, आणि काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजांवरून कर्ण देणारे ‘हायपॉट’ आहे. दोन बिंदूंतील अंतर थेट देणारे ‘डिस्ट’ हे फंक्शन २०१९ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून मिळते.

या यादीत त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढणारे फंक्शन नाही. चौकोनाचेही नाही. भाषा विटा आणि चुना पुरविते, भिंत ज्याची त्याने बांधायची असते. कोणती मापे घ्यायची आणि कोणत्या सूत्रात घालायची, हा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याचा असतो.

एक उदाहरण घेऊ. एका चौकोनी तुकड्याच्या बाजू क्रमाने ७०, ४०, ६० आणि ५० मीटर आहेत. सरासरीच्या रीतीने समोरासमोरच्या बाजू घेतल्या तर ७० आणि ६० यांची सरासरी ६५, ४० आणि ५० यांची ४५, आणि गुणाकार २९२५ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, अर्थात १०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. या हिशेबाने तुकडा २८.९ गुंठ्यांचा ठरतो.

आता पहिल्या दोन बाजू (७० आणि ४०) एका अंगाला आणि उरलेल्या दोन (६० आणि ५०) दुसऱ्या अंगाला पडतील असा कर्ण मोजू. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. तिन्ही बाजू ठाऊक असलेल्या त्रिकोणासाठी हेरॉनचे सूत्र शाळेत सर्वांनीच केलेले असते: तिन्ही बाजूंच्या बेरजेचे निम्मे करायचे, त्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करायची, त्या तीन वजाबाक्या आणि ती निमपट अशा चार संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचे. पायथनमध्ये हे दोन ओळींचे काम आहे, आणि त्यात उपजत फंक्शन एकच लागते, वर्गमूळाचे.

कर्ण ८० मीटर भरला तर दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे सुमारे १३९९.८ आणि १४९८.१ येतात. एकूण २८९७.९ चौरस मीटर, म्हणजे २८.६ गुंठे. सरासरीच्या आकड्याच्या जवळच. परंतु कर्ण ६० मीटर असेल तर क्षेत्रफळ २५६१ चौरस मीटर, २५.३ गुंठे. आणि तो १०० मीटर असेल तर २२३३ चौरस मीटर, केवळ २२ गुंठे. चारही बाजू त्याच, फीत तीच, मोजणारी माणसे तीच. फरक जवळजवळ सात गुंठ्यांचा! सुताराने चार पट्ट्या कोपऱ्यांत एकेका खिळ्याने जोडून चौकट केली आणि ती दोन्ही हातांनी दाबली तर ती जशी कलते, तसेच हे आहे. बाजूंची लांबी बदलत नाही, आतली जागा मात्र कमी होते.

सरासरीची रीत कधी कमी आणि कधी जास्त चुकत असती तर ‘सरासरीने बरोबरच’ असे म्हणता आले असते. तसे नाही. ती चुकते तेव्हा नेहमी जास्तच सांगते. केवळ आयतात ती बरोबर येते. अर्थात ही चूक प्रत्येक वेळी विकणाऱ्याच्या बाजूने पडते.

ही रीत काही आपल्याकडचीच नव्हे. इजिप्तमधील एदफू येथील मंदिराच्या भिंतीवर कोरलेल्या जमिनींच्या नोंदींत हाच हिशेब आढळतो. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त या रीतीच्या उत्तराला ‘स्थूल’ म्हटले आणि ‘सूक्ष्म’ उत्तरासाठी चार बाजूंवरून वर्गमूळ काढण्याचे सूत्र दिले. ते सूत्र ज्या चौकोनाचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात त्यालाच लागू पडते. आपल्या उदाहरणात त्याचे उत्तर २८९८.३ येते, आणि त्या चार बाजूंत याहून अधिक जागा मावूच शकत नाही. चार बाजूंवरून संगणकाने दिलेले ‘सूक्ष्म’ उत्तर हे म्हणून फक्त कमाल मर्यादा सांगते.

हा मुद्दा ज्यांनी सर्वांत कडक शब्दांत मांडला त्या भास्कराचार्यांचे नाव नांदगावपासून दूरचे नाही. मनमाडहून भुसावळकडे जाणारी गाडी नांदगाव सोडून चाळीसगावला पोहोचते. चाळीसगावजवळच्या डोंगरपायथ्याला पाटणादेवीचे स्थान आहे. तेथील तेराव्या शतकाच्या प्रारंभीच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. ११५० मधील ‘लीलावती’त भास्कराचार्य स्पष्ट सांगतात, की कर्ण किंवा लंब यांपैकी एकही माप न देता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच होय, आणि विचारल्यावर उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच. संगणक हा असा उत्तर देणाराच आहे. विचाराल त्याचे उत्तर देतो, ‘कर्ण कुठे आहे?’ असे उलट विचारत नाही.

जुन्या सरकारी मोजणीत ही काळजी घेतलेली दिसते. ३३ फुटांची साखळी आणि तिचे १६ आणे हे माप ज्या काळात रूढ झाले, त्या काळच्या टिपणांवर शेताच्या मधून एक पायारेषा टाकलेली असते आणि तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचे लंब नोंदलेले असतात. शेताचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडले की वर्गमूळाचीही गरज उरत नाही. गुंठा हे माप त्याच साखळीचा एक चौरस.

कर्ण मोजला, आता निश्चिंत झालो, असे मात्र नाही. अरुंद त्रिकोणात हेरॉनचे सूत्र फसवे ठरते. रस्त्याला लागून उरलेली एखादी चिंचोळी पट्टी घ्या: बाजू १००, ५० आणि ५० मीटर. असा त्रिकोण होतच नाही, ती सरळ रेषा आहे, क्षेत्रफळ शून्य. परंतु फीत थोडी सैल राहिली आणि एक बाजू ५०.१ मीटर नोंदली गेली, तर उत्तर येते सुमारे ११२ चौरस मीटर. दहा सेंटिमीटरच्या झोलातून गुंठ्याहून अधिक जमीन निर्माण झाली! याउलट तीच बाजू ४९.९ नोंदली तर वर्गमूळाखाली ऋण संख्या येते. पायथन तेथे त्रुटीचा संदेश देऊन थांबते. सी भाषेत मात्र कार्यक्रम पुढे चालू राहतो आणि ‘ही संख्या नव्हे’ अशा अर्थाची एक खूण उत्तरात येते. ती तपासली नाही तर पुढच्या सर्व बेरजा नासतात. अशी त्रुटी आली की आज्ञावलीला दोष न देता फीत पुन्हा धरावी. अरुंद पट्टीसाठी लांबीवर लंब टाकून तोच मोजणे केव्हाही बरे.

उतारावरची गोष्टही येथेच सांगायला हवी. तालुक्याच्या दक्षिणेला सातमाळ्याचे डोंगर आहेत आणि पायथ्याची शेते सपाट नाहीत. जमिनीची नोंद क्षितिजसमांतर क्षेत्रफळाने होते. फीत मात्र उतारावर टेकलेली असते. दहा अंशांच्या उतारावर १०० मीटर भरलेली फीत सपाटीवर ९८.५ मीटरच असते, कारण दहा अंशांचा कोसाइन ०.९८५ आहे.

अंश आणि रेडियन

कोसाइन म्हटले की नवशिक्याला हमखास अडकविणारी बाब समोर येते. प्रोग्रॅमिंगच्या भाषांतील त्रिकोणमितीची फंक्शन्स कोन रेडियनमध्ये मागतात. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, तसेच ते पायच्या दुपटीइतक्या, म्हणजे सुमारे ६.२८३ रेडियनचे. आपण ३० लिहून साइन मागितला तर उत्तर अर्धा येत नाही, उणे ०.९८८ येते. येथे उणे चिन्हामुळे निदान शंका तरी येते. प्रत्येक वेळी तशी खूण मिळेलच असे नाही.

मोबाइलवरून घेतलेल्या अक्षांश-रेखांशांचा हिशेब पाहू. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र जवळपास १११ किलोमीटरचा धरता येतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावे तसा लहान होतो आणि तो किती लहान झाला, हे अक्षांशाचा कोसाइन सांगतो. नांदगाव सुमारे २०.३१ उत्तर अक्षांशावर आहे. त्याचा कोसाइन ०.९३८, म्हणून येथे रेखांशाचा अंश सुमारे १०४ किलोमीटरचा. हा गुणक विसरून दोन्ही अंश सारखेच धरले तर क्षेत्रफळ साडेसहा टक्क्यांहून थोडे अधिक फुगते. चाळीस गुंठ्यांच्या एकरामागे अडीच गुंठ्यांहून जास्त, तेही कागदावरच. गुणक लक्षात ठेवला, पण २०.३१ हे अंश रेडियन न करताच कोसाइनला दिले, तर उत्तर ०.११ येते. मग एकराचे पावणेपाच गुंठे उरतात. ही दुसरी चूक लगेच ध्यानात येते, म्हणून ती कमी धोक्याची. साडेसहा टक्क्यांची पहिली चूक खरी मानली जाण्याची शक्यता अधिक.

उपाय साधा आहे. पायथनमध्ये ‘रेडियन्स’ आणि ‘डिग्रीज’ ही फंक्शन्स आहेत, जावामध्येही तशी आहेत. कोन हाती येताच रेडियन करून ठेवावा, सर्व हिशेब रेडियनमध्ये करावा आणि माणसाला दाखवितानाच अंशांत आणावा. ज्या भाषेत असे फंक्शन नसेल तेथे अंशांना पायने गुणून १८० ने भागावे. पायची किंमत ३.१४ अशी हाताने लिहू नये. भाषेने ती पंधरा-सोळा अंकांपर्यंत दिलेली असते.

दूरच्या अंतरासाठी पृथ्वीचा गोलाकार जमेस धरावा लागतो. अशा सूत्राने नांदगाव ते मनमाड हे सरळ अंतर सुमारे २४ किलोमीटर येते. पाठ्यपुस्तकात या कामासाठी व्यस्त कोसाइनचे सूत्र असते. ते शहरांसाठी चालते, शेतासाठी चालत नाही. बिंदू फार जवळ असले की कोसाइन १ च्या इतका निकट जातो, की संगणकातील अंकांच्या मर्यादेमुळे उत्तर दहा-दहा सेंटिमीटरच्या उड्या मारते. कधी ती संख्या १ च्या किंचित पुढे सरकते आणि व्यस्त कोसाइन काढताच येत नाही. त्याऐवजी अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग वापरणारे ‘हॅवरसाइन’ सूत्र योजतात. ते पायथनच्या मॅथमध्ये तयार नाही, पण चार ओळींत लिहिता येते.

शिरोबिंदूंवरून क्षेत्रफळ

शेताला पाच-सहा कोपरे असतील तर कर्ण पाडत बसण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशक मीटरमध्ये घ्यावेत. क्रमाने बांधावरून फिरत जावे. प्रत्येक कोपऱ्याच्या पूर्वेकडील अंतराला पुढच्या कोपऱ्याच्या उत्तरेकडील अंतराने गुणावे, मग उलट गुणाकार करून वजा करावा, सर्वांची बेरीज करावी आणि निम्मी करावी. ओणव्या-उभ्या गुणाकारांची मांडणी बुटाच्या नाडीसारखी दिसते, म्हणून इंग्रजीत या रीतीला तेच नाव पडले आहे. उत्तर ऋण आले तर घाबरू नये. आपण घड्याळाच्या दिशेने फिरलो, एवढाच त्याचा अर्थ. चिन्ह काढून टाकणारे फंक्शनही उपजत असते. परंतु कोपरे उलटसुलट क्रमाने लिहिले गेले तर संगणक निमूटपणे चुकीचे उत्तर देतो. ते ओळखायचे तर आकृती काढूनच पाहावी.

मोजणीच्या यंत्रांकडून मिळणारे निर्देशक पुष्कळदा मोठे असतात. जगाचे उभे पट्टे पाडणाऱ्या प्रचलित पद्धतीत नांदगाव ४३ व्या पट्ट्यात येते. तेथे पूर्वेकडील आकडा चार लाखांच्या पुढे आणि उत्तरेकडील आकडा साडेबावीस लाखांच्या आसपास असतो. त्यांचे गुणाकार एकावर बारा शून्यांच्या घरात जातात. दुहेरी अचूकतेच्या संख्यांना, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या दशांश संख्यांना, ते पेलते. पण जुन्या किंवा लहान यंत्रांत एकेरी अचूकता वापरली तर तिच्यात सातच अंक विश्वासाचे असतात आणि तीन हजार चौरस मीटरचे शेत त्या गोलाईत बुडून जाते. म्हणून पहिल्या कोपऱ्याचे निर्देशक सर्वांतून आधी वजा करावेत. मग आकडे शे-दोनशेच्या आत राहतात आणि प्रश्नच उरत नाही.

बांधाची दिशा काढायची असेल तर व्यस्त टॅन्जंटची दोन फंक्शन्स दिसतील. साध्या फंक्शनला गुणोत्तर द्यावे लागते, त्यामुळे ईशान्य आणि नैर्ऋत्य यांतला फरक त्याला कळत नाही. ‘ए-टॅन-टू’ दोन्ही अंतरे वेगवेगळी घेते आणि दिशा नेमकी सांगते. बहुतेक भाषांत त्याला उभे अंतर आधी द्यायचे असते, एक्सेलमध्ये मात्र आडवे आधी. या उलटापालटीने भल्याभल्यांना चकविले आहे.

मोबाइलवरील स्थान मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरने चुकू शकते. चाळीस-पन्नास मीटरच्या बाजूला ते फार झाले. त्यामुळे लहान तुकड्यासाठी फीतच अधिक भरवशाची. शिवाय घरी केलेला कोणताही हिशेब कायदेशीर मोजणीची जागा घेत नाही. ती भूमी अभिलेख विभागाकडे रीतसर अर्ज आणि शुल्क भरूनच करून घ्यावी लागते. सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा थोडा लहान. व्यवहाराच्या बोलण्यात गुंठे आणि कागदावर आर अशी सरमिसळ झाली, तरी शंभर आकड्यांमागे एकाहून थोडा अधिक फरक पडतो.

मोजणीपूर्वी खात्री करून घ्यायची तर फितीने एकाऐवजी दोन्ही कर्ण मोजावेत. चार बाजू आणि एक कर्ण एवढ्यावर चौकोन पक्का होतो. दुसऱ्या कर्णाचे माप हिशेबाने काढता येते आणि फितीच्या मापाशी ताडून पाहता येते. वर घेतलेल्या उदाहरणात पहिला कर्ण ८० मीटर असेल, तर दुसरा साडेसत्त्याहत्तर मीटर भरला पाहिजे. तो ७५ किंवा ८० भरला, तर सहांपैकी एखादे माप चुकले आहे किंवा बांध कुठेतरी वाकलेला आहे. मग संगणक बंद ठेवून पुन्हा शेतात जावे.